विजेला जामीन कोण?

आमच्या दादाला सगळा लष्कर मोहल्ला दफेदार मालोजीराव म्हणून ओळखायचा. आम्ही घरातले त्याच्या पाठीमागं त्याला काय म्हणायचो ते मी सांगणार नाही. कसा झाला तरी सख्खा थोरला भाऊ. म्हैसूरच्या महाराजांच्या रिसाल्यात त्यानं उभी हयात काढली. पेन्शनीत निघताना घोडा सरकारजमा केला आणि शिस्त तेवढी घरी घेऊन आला. उलटं केलं असतं तर मी त्या घोड्याला रोज माझ्या हातानं हरभरे घातले असते, शप्पथ.

मी भवानीबाई, त्याची धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून ह्याच घरात. दादाची बायको वारली तेव्हा वनजा एवढीशी होती, तिला मीच न्हाऊमाखू घालून वाढवली. तिच्या लग्नाचा घोर जेवढा मला होता तेवढा दादाला नव्हता. दादाला घोर असायचा तो जामिनाचा.

हे जामिनाचं नीट ऐकून घ्या, नाहीतर पुढं माझा भाऊ तुम्हाला नुसताच वेडा वाटेल. रिसाल्यात नवा स्वार ठेवायचा तर कुणीतरी माहितगार माणसानं पुढं येऊन म्हणायचं, "ह्याला मी ओळखतो. ह्याचं बरंवाईट माझ्या शिरावर." मग त्या स्वाराची चेहरेपट्टी लिहायची. गाव कुठलं, रंग कसा, उंची किती, कपाळावर व्रण आहे का. घोड्याचीही तशीच, वर त्याच्या मांडीवर सरकारी डाग. स्वारानं काही आगळीक केली तर जामिनाला धरायचं. रिसाल्यात हे ठीक होतं. दादानं ते घरात आणलं. दूधवाल्याच्या म्हशीला जामीन, भांडीवालीला जामीन. मांजर पाळायचं म्हटलं तर मांजराला जामीन! शेजारच्या नागरत्नाक्का बिचाऱ्या भिंतीवरून म्हणाल्या, "हौदप्पा, होय, मी जामीन," तेव्हा कुठं मांजर आत आलं. पुढं ते दुधाला तोंड लावायचं आणि बोलणी नागरत्नाक्का खायच्या.

एकोणतीस सालचा दसरा होऊन गेला होता. वनजाला बघायला सयाजीराव आले. इंटरमीजिएट कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे, बंगळूरला शिकलेले, अंगानं किडकिडीत, बोलताना समोरच्याकडे कमी आणि छताकडे जास्त बघणारे. बरोबर त्यांचे काका गणपतराव. मी उप्पीट केलं, केसरीभात केला. गणपतरावांनी वनजाला चालायला लावलं, सुईत दोरा ओवायला लावला, पंचमीची गाणी येतात का विचारलं, आमटीत चिंच आधी घालतेस की नंतर ते विचारलं. सयाजीरावांनी काहीच विचारलं नाही. दिवस कलला होता, समई लावलेली. गणपतराव म्हणाले, "दफेदारसाहेब, सगळ्या मोहल्ल्यात विजेचे दिवे आले, तुमच्याकडे नाही? मुलगी गोरी की सावळी ते आम्ही चाचपून बघायचं काय?"

दादाचा चेहरा तांबडालाल झाला. दुसऱ्याच दिवशी त्यानं वीजखात्यात अर्ज टाकला, आणि महिन्याभरात लाइनमन नागराज शिडी घेऊन दारात हजर. तारा आल्या, बटण आलं, ओसरीच्या मधोमध एक दिवा लोंबकळू लागला. नागराज बटण दाबणार, तोच दादा गरजला, "थांब! तारेतून आत कोण येणार आहे?"

"करंट येणार, स्वामी."

"एकटा?"

नागराज गडबडला. "एकटा कसा... इलेक्ट्रॉन म्हणतात हो, लई असतात. कोट्यवधी."

"कोट्यवधी! आणि त्यांना जामीन कोण?"

नागराजनं आधी माझ्याकडे बघितलं, मग शिडी खांद्यावर टाकली आणि "अय्यो, मला विजयादशमीचंच काम अजून बाकी आहे" असं काहीतरी पुटपुटत निघून गेला. विजयादशमी होऊन महिना लोटला होता. दिवा तसाच आंधळा लोंबकळत राहिला आणि बटणावर दादानं फडकं बांधलं.

तेवढ्यात हुणसूरचं स्थळ सांगून आलं. लाकडाचा ठेकेदार, बिजवर, पदरी दोन पोरं, पोट स्वतःच्या आधी दोन हात पुढं चालणारं. पण त्याला जामीन कोण उभा राहिला? खुद्द दादाचे जुने रिसालदार! झालं. दादा म्हणाला, "भवानी, हुणसूरची मंडळी येत्या गुरुवारी येतायत. सुपारी फोडून टाकू." वनजा चूल फुंकत होती. तिनं फुंकणं थांबवलं नाही, पण चुलीत तेव्हा विस्तवच नव्हता.

मी सरळ पदर खोचला, देवराज मोहल्ल्यात सयाजीरावांच्या बिऱ्हाडी गेले आणि म्हणाले, "अहो मास्तर, मुलगी पसंत आहे की नाही?" ते छताकडे बघत म्हणाले, "फार." म्हटलं, "मग छताला काय सांगता? दादाला येऊन सांगा!"

ते आले. सोमवार होता. ओसरीवर चढताच त्यांची नजर त्या फडक्यावर गेली. "हे काय?" दादानं कारण सांगितलं. कुणीही शहाणा माणूस हसला असता, नाहीतर उठून गेला असता. हा माणूस खुशीत येऊन म्हणाला, "एवढंच ना? इलेक्ट्रॉनला मी ओळखतो. मी जामीन!"

मी कपाळावर हात मारला. दादा मात्र ताठ उभा राहिला. "सयाजीराव, शब्द दिलात. आता ऐका. जामिनाची किंमत तो ज्याला जामीन राहिला त्याच्यावरून ठरते. तुमची ही पलटण सरळ निघाली तर मी हुणसूरला नकार कळवीन आणि मुलगी तुम्हाला देईन. वाकडी निघाली तर तुम्हीही वाकडे." इकडे दाराआड बांगड्या वाजल्या आणि लगेच गप्प झाल्या.

दादा खुर्चीत बसला. मिशीवर हात फिरवत त्यानं चेहरेपट्टी सुरू केली.

"गाव?"

"गाव असं नाही. सगळीकडे असतात. ह्या खांबात आहेत, तुमच्या मिशीतही आहेत."

दादानं मिशीवरचा हात खाली घेतला. "आणि हे तारेतले? शिवनसमुद्राच्या वीजघरातून दौडत येतात ना?"

"येत नाहीत. तारेत असतात तिथंच मागंपुढं हलत राहतात. पुढं जरासे, मागं जरासे."

"म्हणजे घरात कोणी येतच नाही?"

"कोणीच नाही."

"मग उजेड कशाचा?"

"असं बघा. मैदानात लांबच लांब रांग उभी आहे. त्या टोकाला हुकूम सुटतो, ह्या टोकाला ऐकू येतो. हुकूम पोचला, शिपाई जागचा हलला का? विजेचा जोर तसा तारेतून पोचतो."

दादाला हे मनापासून आवडलं. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "बघ, शिस्त आहे." सयाजीरावांना तेवढाच धीर आला. त्यांनी खिशातून तांब्याची तार काढली, पिशवीतून बॅटरीची एक बाटली काढली, दादाकडून नालेचा एक खिळा मागून घेतला आणि त्याला तार गुंडाळली. तार बाटलीला जोडली मात्र, माझ्या शिवणाच्या डबीतल्या सुया टुणकन उडून खिळ्याला चिकटल्या. तार काढली, सुया गळून पडल्या. दादानं ते पुन्हापुन्हा करायला लावलं. "हात न लावता हुकूम, आणि हुकूम संपला की सुट्टी! वा!" मला वाटलं, आता फतेह. मी कॉफी टाकायला उठले. उठायला नको होतं.

"रंग?" दादानं विचारलं.

"रंग नाही."

"उंची?"

"मोजता येईल अशी नाही."

"डाग?"

"डाग नाही, व्रण नाही, तीळसुद्धा नाही. सगळे तंतोतंत सारखे. दोघांची अदलाबदल केलीत तर अदलाबदल झाली असं म्हणायलाही जागा नाही."

दादाचे डोळे बारीक झाले. "डाग नसलेला घोडा म्हणजे चोरीचा घोडा, सयाजीराव."

"पण दफेदारसाहेब, सगळेच बिनडागी असले तर चोरीचा कोणता ते ठरणार कसं?"

दादानं तो मुद्दा तूर्त बाजूला ठेवला. "राहतात कसे?"

"अणूत त्यांच्या जागा ठरलेल्या. एका जागेत दोघांपेक्षा जास्त मावत नाहीत. आणि ते दोघंही एकमेकांच्या उलट दिशेनं फिरणारे."

"बरोबर!" दादानं मांडीवर थाप मारली. "एका ठाणावर दोन घोडे बांधायचे तर एकाचं तोंड इकडे, एकाचं तिकडे. एकमेकांच्या माश्या वारतात. हे त्यांना शिकवलं कुणी?" आणि उत्साहाच्या भरात त्यानं पुढचा प्रश्न विचारला, "मागं फिर म्हटलं तर फिरतात?"

इथं ह्या माणसानं गप्प बसावं की नाही? "फिरतात," म्हणाले, "पण गंमत अशी, की एक पूर्ण फेरी फिरले तरी ते पहिल्यासारखे होत नाहीत. दोन पूर्ण फेऱ्या फिराव्या लागतात, तेव्हा पहिल्यासारखे होतात."

कवायतीत उभा जन्म गेलेल्या माणसाला हे सांगायचं! दादा उठला, ओसरीवर एक गिरकी घेतली, थांबला, पायांकडे बघितलं. आणखी एक गिरकी घेतली. मग म्हणाला, "मी एकीतच पहिल्यासारखा होतो." सयाजीराव म्हणाले, "तुम्ही होता." ती बैठक तिथंच मोडली. पण फडकं सुटलं आणि दिवा लागला, एवढं खरं. ते दोन दिवस दादा संध्याकाळी दिव्याखाली उभा राहून "हजेरी!" म्हणायचा आणि बटण दाबायचा. लागला की मान हलवायचा.

बुधवारी घात झाला. दादा आंघोळ करून ओल्या अंगानं आला आणि तसाच ओल्या हातानं बटणाला भिडला. त्याला जो हिसका बसला! टोपली पालथी व्हावी तसा दादा कोपऱ्यात जाऊन बसला. मी धावले, वनजा धावली. दादाला काही झालं नव्हतं, पण त्याचा अपमान झाला होता आणि तो दुखण्यापेक्षा वाईट. "माझ्या घरात राहून माझ्यावर हात उगारला! जामिनाला बोलवा!"

सयाजीराव कॉलेजातून तसेच कोटात आले. रिसाल्यात जामिनाला शिक्षा काय, तर खोगीर डोक्यावर घेऊन उन्हात उभं राहायचं. दादानं माळ्यावरून स्वतःचं जुनं खोगीर काढलं. मी म्हटलं, "दादा, साकु, पुरे आता! जावई व्हायचाय तो!" दादा म्हणाला, "म्हणूनच." आणि तुम्हाला सांगते, त्या माणसानं खोगीर निमूट डोक्यावर घेतलं. अंगणात उभे, रिकीब कानाशी लोंबतेय, आणि तसल्या अवस्थेत दादाला समजावतायत की ओल्या अंगातून वीज जमिनीकडे वाट काढते, त्यात तिचा राग नाही की लोभ नाही. नागरत्नाक्का भिंतीवरून बघत होत्या. मला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. वनजा तांब्याभर ताक घेऊन गेली आणि त्यांच्या हातात दिलं.

खोगिराखाली माणसाचं डोकं तापतं म्हणतात, ते खरं असावं. कारण तिथंच सयाजीराव बोलून गेले, "दफेदारसाहेब, वीज माणसासारखी वागत नाही. आता हेच बघा ना. शेजारी शेजारी दोन फटी असल्या आणि इलेक्ट्रॉन कुठून जातो ते कुणी बघत नसलं, तर तो दोन्ही फटींतून गेल्यासारखा वागतो."

"एकटा?"

"एकटा."

"एकाच वेळी?"

"एकाच वेळी. बघायला गेलं की मात्र कोणत्यातरी एकीतूनच सापडतो. लाट म्हणावी तर अख्खा सापडतो, कण म्हणावा तर लाटेसारखा पसरतो. विलायतेत गेल्या दोन-तीन वर्षांत हेच चाललंय."

दादानं पागेकडे बघितलं. आमच्या रिकाम्या पागेला दोन दारं आहेत, शेजारी शेजारी.

"जामिनानं करून दाखवावं," दादा म्हणाला.

"मी?"

"ज्याची हमी घेतलीत तो करतो ते तुम्हाला करता आलं पाहिजे. ज्याला घोड्यावर बसता येत नाही तो स्वाराचा जामीन कसा?"

"पण माणूस फार मोठा पडतो हो त्याला! माणसाच्या बाबतीत ते दिसून येत नाही."

"बघत नसलं तर होतं म्हणालात ना? आम्ही बघत नाही." आणि दादानं आम्हाला सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून डोळे मिटायला लावले. खरं सांगते, एक ओळ केली त्यानं आमची. दादा, मी, वनजा, आणि मागणीचं काय झालं ते विचारायला नुकतेच आलेले गणपतराव, त्यांना बिचाऱ्यांना कशाचाच पत्ता नाही. सगळे भिंतीला नाक लावून उभे. "चालू द्या!" दादा ओरडला. मागं सयाजीरावांच्या वहाणांचा आवाज आला, थोडा थांबला, मग पुन्हा आला. माझ्या मनात आलं, देवा, आज ह्या माणसाला दोन्ही दारांतून काढ, मी चामुंडीला पायी येईन. बुद्धी कशी जाते बघा माणसाची!

आम्ही वळलो तर सयाजीराव पागेच्या आत उभे, डोक्यावरचं खोगीर तिरकं झालेलं. भिंतीवरून नागरत्नाक्का उत्साहानं ओरडल्या, "डाव्या! डाव्या दारातनं गेले, मी बघितलं!"

"बघितलंत?" दादा कडाडला. "कुणी सांगितलं होतं बघायला? सगळं नासवलंत!" मांजराच्या वेळीसुद्धा त्या बाईनं एवढी बोलणी खाल्ली नव्हती. गणपतराव टोपी सावरत म्हणाले, "सयाजी, आपण दुसरीकडे बघू रे मुली." सयाजीराव म्हणाले, "नको."

गुरुवार उजाडला. हुणसूरची मंडळी चारला येणार होती. सयाजीराव तीनलाच आले. मी त्यांना दारातच गाठलं, विहिरीपाशी नेलं आणि हात जोडले. "मास्तर, तुमच्या पाया पडते. दादा आज शेवटचं विचारणार आहे. तुम्ही सरळ सांगा, इलेक्ट्रॉनचं गाव शिवनसमुद्र, डाव्या मांडीवर डाग, तारेत अमक्या ठिकाणी त्याचं ठाणं. कोण जातंय तारेत बघायला? पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे हो." त्यांनी मान हलवली. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मला वाटलं, पटलं ह्यांना.

ओसरीवर दादा पोशाख घालून बसला होता, छातीवर पदक लावून. गणपतराव कोपऱ्यात. दादानं दिव्याकडे बोट केलं. "सयाजीराव, एकच विचारतो. तारेतला कोणताही एक घ्या. हा आत्ता, ह्या घटकेला, नेमका कुठं आहे?"

सयाजीरावांनी माझ्याकडे बघितलं. तोंड उघडलं. मी मनात म्हणत होते, म्हण, म्हण, अमक्या ठिकाणी. त्यांनी तोंड मिटलं, पुन्हा उघडलं.

"नाही सांगता येत," ते म्हणाले. "जागा नक्की केली तर तो किती वेगानं चाललाय ते हातचं जातं. वेग नक्की केला तर जागा जाते."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक नाही."

"तसं असतं तर सोपं होतं, दफेदारसाहेब. मला ठाऊक नाही, दुसऱ्या कुणाला असेल. पण तसं नाही. आपण विचारीपर्यंत त्याला नेमका ठावठिकाणा नसतोच. विचारलं की मग ठरतो."

"विचारायच्या आधी उत्तरच नाही?"

"नाही."

दादा हसला. चिडला असता तर बरं होतं, तो हसला. "सयाजीराव, माणूस तुम्ही गरीब आहात. पण मी चाळीस वर्षं हजेऱ्या घेतल्या. जो कुठंतरी असतो, तो विचारायच्या आधीपासून तिथं असतो. विचारीपर्यंत ज्याला उत्तर नाही, असं काही ह्या जगात मी पाहिलेलं नाही. मुलगी हुणसूरला दिली."

"मी आहे की, आप्पा."

वनजा दारात उभी होती. पदर डोक्यावर, हाताला पीठ. दादाला वाटलं, ती पाणी घेऊन आलीय. "काय?"

"तुम्ही पाहिलेलं नाही म्हणालात. मी आहे तशी." ती उंबरठा ओलांडून ओसरीवर आली. "मला चालायला लावलं, मी चालले. सुई ओवली. चिंच कधी घालते ते सांगितलं. त्या दिव्यातल्या इलेक्ट्रॉनला तुम्ही रंग विचारला, गाव विचारलं, कसा राहतो, कुठल्या दारानं जातो, सगळं विचारलं. तो तुमचा कोण? मला कुणी विचारलं का, वनजा, तुला कोण हवा? तुम्ही नाही. आत्यानं नाही. ह्यांनीही," तिनं सयाजीरावांकडे बघितलं, "छताला सांगितलं म्हणे. माझं उत्तर काय ते मलासुद्धा ठाऊक नाही, आप्पा. कुणी विचारलंच नाही."

सयाजीराव पांढरेफटक पडले. "खरंच," म्हणाले, "माझ्या लक्षातच आलं नाही." एवढ्या शिकलेल्या माणसाच्या!

गणपतराव म्हणाले, "मुलींना कुठं विचारतात?" त्यांना दादानं हात करून गप्प केलं. तो उठून उभा राहिला. मी त्याची बहीण, मी त्याला ओळखते, त्याला विचारायचं होतं पण कसं विचारतात ते येत नव्हतं. आम्हा लोकांत कुणाला येतं? शेवटी त्याला जे येत होतं तेच त्यानं केलं. टाचा जुळवल्या आणि हजेरीच्या आवाजात म्हणाला, "वनजा मालोजीराव!"

"हजर."

"हुणसूर की... हे?" आणि मग त्याचा आवाज खाली आला, इतका खाली की मी तो कधी ऐकला नव्हता. "तुला काय हवंय, बाळ?"

वनजा हाताचं पीठ चोळत राहिली. मला वाटलं, ही आता नाहीच म्हणते की काय, दोघांनाही. मग तिनं मान वर केली.

"हे. खोगीर डोक्यावर होतं तरी खोटं बोलले नाहीत. मला ठरवायला वेळ लागला, पण आता ठरलं."

सयाजीराव खुर्चीच्या पाठीला धरून खाली बसले. गणपतरावांनी त्यांच्या तोंडावर पाणी मारलं. दादानं पदक काढून खिशात घातलं आणि हुणसूरच्या गाडीला वाटेतच गाठून निरोप सांगायला स्वतः निघाला. मी आत आले. गोड करायचं म्हणून रवा काढला, तूप कढईत घातलं, आणि कढईपुढं उभी राहून मला हुंदके फुटले. आनंदच होता. आनंदच असावा.

दादा परतला तो थेट स्वयंपाकघरात आला. कधी यायचा नाही. चुलीपाशी पाटावर बसला, टोपी काढली, डोकं खाजवलं.

"भवानी," म्हणाला, "तुझं लग्न आबांनी ठरवलं, तेव्हा मी पंधरा-सोळा वर्षांचा असेन. तू नऊची. मी पालखीमागं घोड्यावर होतो, फार ऐटीत. तुला तेव्हा विचारलं असतं, तर काय म्हणाली असतीस गं?"

मी कालथा फिरवत राहिले. काहीतरी टोचून बोलायची माझी सवय, पण ती मी गिळली. मी उत्तर खरोखर शोधलं. त्या नऊ वर्षांच्या पोरीपर्यंत गेले, तिच्या शेजारी बसले, तिच्या तोंडाकडे बघितलं. तिथं होय नव्हतं. नाहीही नव्हतं.

"आता विचारून काय उपयोग, दादा?" मी म्हटलं. "तेव्हा कुणी विचारलंच नाही. उत्तर झालंच नाही."